आईबाबांना इंग्लंडमधल्या गावातलं जुनं चर्च दाखवायचंय. नुसतं आत शिरलं तर चालतं का?

स्विंडनकर:
नमस्कार मंडळी. आईबाबा पुढच्या महिन्यात सहा आठवड्यांसाठी येताहेत. लंडन, बाथ, स्टोनहेंज हे सगळं मागच्या खेपेलाच उरकलं. आई निवृत्त शिक्षिका, मराठी आणि इतिहास शिकवायची. तिला फोनवर सहज बोलून गेलो की आमच्यापासून अर्ध्या तासावर फेअरफर्ड म्हणून गाव आहे, तिथल्या चर्चमध्ये पाचशे वर्षांपूर्वीच्या रंगीत काचा आहेत. झालं, तेव्हापासून तिने तेच धरलंय. बाबांचं मत एका वाक्यात: "आपल्याला चर्चमध्ये काय काम?"

आता गंमत अशी, की आठ वर्षं इथे राहून मी स्वतः एकाही गावातल्या चर्चमध्ये पाऊल टाकलेलं नाही. कामाला जाताना रोज एक दिसतं. त्याचं दार बंद असतं की नुसतं लोटलेलं, हेसुद्धा मला ठाऊक नाही. तर: आत कुणी "काय हवंय" म्हणून विचारतं का? तिकीट असतं का? चपला? फोटो? आणि मुख्य म्हणजे बघायचं काय? कॅथीड्रल नाही विचारत आहे, साधं गावातलं चर्च.

जुनाजाणता:
खुशाल जा. दाराला जाड लोखंडी कडं असतं, ते फिरवलं की आतला अडसर खटकन उचलला जातो. बंद वाटलं तरी एकदा खांदा लावून ढकला. निम्मे लोक दार जड म्हणून बंद समजून परत जातात.

भटकभवानी:
आम्ही दोघं गेली बारा वर्षं दर सुट्टीला एक तरी गावातलं चर्च बघतो, त्यामुळे थोडं लांबण लावते.

तिकीट नसतं. दाराशी एक पेटी किंवा हल्ली कार्ड टेकवायचं यंत्र असतं, वाटलं तर टाका. चपला-बूट काढू नका. आमच्या सासूबाईंनी काढले होते आणि मग नोव्हेंबरातल्या फरशीवरून अशा उड्या मारत आल्या की बस. पुरुषांनी टोपी मात्र काढायची. फोटोला सहसा हरकत नसते, प्रार्थना किंवा लग्न चालू असेल तर अर्थातच नाही. रविवारी सकाळी फक्त बघायला जाऊ नका, उपासना असते. बसायचंच असेल तर आनंदाने बसा, कुणी उठवत नाही. संडास असेलच असं धरून चालू नका, ते आधी उरका. आणि आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी असते, अगदी मे महिन्यातसुद्धा.

बघायचं काय म्हणाल तर आधी आत जाऊच नका. दक्षिणेकडची भिंत शोधा. दाराजवळच्या दगडावर हाताएवढं अर्धवर्तुळ कोरलेलं दिसलं, मधे एक भोक आणि त्यातून निघालेल्या रेघा, तर ते उन्हाचं घड्याळ. भोकात काडी खोचायची, सावली अमक्या रेघेवर आली की मासची, म्हणजे उपासनेची, वेळ. घड्याळं येण्याआधीची गोष्ट. कितीतरी लोक त्याला टेकून सेल्फी काढतात आणि निघून जातात.

मग आत गेल्यावर बाप्तिस्म्याचं दगडी कुंड. सहसा चर्चमधली सगळ्यात जुनी वस्तू तीच. त्याच्या काठावर दोन बाजूंना दगड फुटल्यासारखा किंवा लोखंडाचा तुकडा अडकलेला दिसेल. १२३६ साली कँटरबरीच्या आर्चबिशपने हुकूम काढला होता की कुंडांना झाकण घालून कुलूप लावा, लोक पवित्र पाणी जादूटोण्यासाठी चोरतात! त्या कुलपांच्या कड्या पुढे उपटल्या गेल्या, खुणा राहिल्या. मी प्रत्येक ठिकाणी आधी बोटाने काठ चाचपते, नवरा म्हणतो पाण्याची टाकी तपासायला आल्यासारखी दिसतेस.

पुणेरी_पाटी:
एक छोटी दुरुस्ती. पाचशे वर्षांपूर्वीच्या चर्चला सरसकट 'अँग्लिकन' म्हणतात, पण बांधली तेव्हा ती पोपची होती. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमशी संबंध तोडला, तेव्हा इमारती त्याच राहिल्या आणि मालक बदलला. त्याचा मुलगा सहावा एडवर्ड आल्यावर १५४७ नंतर मूर्ती फुटल्या आणि भिंतींवरच्या चित्रांवर चुना फासला गेला. त्यामुळे आज आत जी पांढरी शांत भिंत दिसते ती मूळची नव्हे. मध्ययुगात ही चर्चं आपल्या एखाद्या रंगवलेल्या देवळाइतकी भडक होती.

भटकभवानी:
@पुणेरी_पाटी, बरोबर. फक्त चुन्याचे उपकारही मोठे आहेत. सरेमधल्या चाल्डनला पश्चिमेच्या भिंतीवर साधारण १२०० सालचं नरकाचं चित्र आहे, ते चुन्याखालीच टिकलं आणि १८६९ च्या सुमारास बाहेर आलं. मधे एक उंच शिडी, तिच्यावरून आत्मे वर चढताहेत आणि गळून पडताहेत, आणि खाली एक सावकार पैशाच्या थैल्या लटकवून जाळात बसलाय. पूर्वी आपल्याकडे न्हाव्याच्या दुकानात यमलोकातल्या शिक्षांचं कॅलेंडर असायचं ना, अगदी तेच. अमक्या पापाला तमकी कढई.

सह्यवेडा:
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे यादवकाळातली देवळं ऑइलपेंट फासून आणि वर संगमरवरी टाइल्स चिकटवून संपत चालली आहेत, वीरगळ लोक धुणं धुवायला वापरतात. ते सोडून ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांची चर्चं कौतुकाने बघायची? आणि तिथे भिंतींवर कोणाच्या पाट्या आहेत ते बघा एकदा. कंपनीच्या पलटणीतला अमका लेफ्टनंट, दख्खनमध्ये पडला. दख्खन म्हणजे आपणच की.

सरेवासी:
सह्यवेडा, तुमचा राग समजू शकतो, पण मी उलट त्या पाट्यांसाठीच जातो. आमच्याकडे लिम्प्सफील्ड नावाचं गाव आहे. बाराव्या शतकातलं सेंट पीटर चर्च, बुटकं, जाड भिंतींचं. त्याच्या आवारात कोण पुरलंय सांगू? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुण्याचा रेसिडेंट, ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा ज्याचा संगमावरचा बंगला जळला, तो. पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर झाला, १८२७ ला ते पद सोडून परत निघाला आणि पुढची तीसेक वर्षं पुस्तकांत डोकं खुपसून राहिला. गव्हर्नर जनरलची जागा देऊ केली तर नाही म्हणाला. १८५९ मध्ये वारला. त्याच आवारात संगीतकार डीलियस आहे, त्यामुळे लोक येतात ते त्याच्यासाठी. एल्फिन्स्टनसाठी बहुतेक मीच एकटा. पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊस होता, गवत भिजलेलं, आणि मनात काय यावं हेच कळेना. नमस्कार करवेना आणि शिवीही येईना. थोडा वेळ उभा राहिलो आणि परत फिरलो.

मुंबई_लोकल:
म्हणजे एल्फिन्स्टन रोड स्टेशनवाला!

पुणेरी_पाटी:
नव्हे. ते स्टेशन त्याच्या पुतण्याच्या नावाचं होतं, लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० चा गव्हर्नर. कॉलेज काकाचं, स्टेशन पुतण्याचं. २०१८ पासून प्रभादेवी झाल्यामुळे तोही प्रश्न मिटला.

मुंबई_लोकल:
काका-पुतण्या महाराष्ट्राची पाठ काही सोडत नाहीत :)

सह्यवेडा:
हसून हसून पुरेवाट. बरं, सरेवासींचा मुद्दा मान्य. पण देवळांचं काय, ते कुणी बोलेना.

इप्सविचची_डॉक्टरीण:
सह्यवेडा, मोडतोड इथेही कमी नाही झाली, स्वतःच्याच लोकांनी केली. आमच्या सफोकमध्ये १६४४ साली विल्यम डाउझिंग नावाचा गृहस्थ गावोगाव फिरून चर्चमधल्या काचा आणि मूर्ती फोडत होता, आणि रोजच्या रोज डायरीत हिशेब लिहीत होता: आज इथे इतकी चित्रं फोडली, उरलेली फोडायला सांगितली. डायरी शिल्लक आहे.

ब्लायथबरो नक्की बघा कधी या भागात आलात तर. दलदलीच्या काठावर एकटंच उभं प्रचंड चर्च, आणि आत लाकडी छताला पंख पसरलेले देवदूत. डाउझिंगने ते उतरवायला सांगितले होते, पण एवढ्या उंच कोण चढणार? राहिले. त्यांच्या पंखांत छर्रे सापडले तेव्हा बरीच वर्षं लोक म्हणायचे, डाउझिंगच्या शिपायांनी गोळ्या झाडल्या. नंतर कळलं की अठराव्या शतकात छतात कावळ्याच्या जातीचे पक्षी घरटी करायचे, त्यांना हाकलायला गावकऱ्यांनीच बंदुका चालवल्या होत्या. उत्तरेच्या दारावर जळल्यासारख्या काळ्या लांबट खुणा आहेत. ४ ऑगस्ट १५७७ ला वादळात एक काळा सैतानी कुत्रा चर्चमध्ये शिरला आणि जाताना दारावर पंजे मारून गेला, अशी दंतकथा. मी रात्रपाळी करून सकाळी एकटी गेले होते. दिवसाउजेडी, आणि तरी त्या दाराला बोट लावायला मन होईना. विज्ञान वगैरे सगळं शिकून.

कोल्हापुरी_रस्सा:
आमच्याकडं कुत्रं देवळात शिरलं तर काठी घेऊन मागं लागत्यात, तुमच्याकडं चारशे वर्षं स्टोरी सांगत्यात. लई भारी.

शेफील्डचा_पोरगा:
सैतानाचा विषय निघालाच आहे तर चेस्टरफील्ड. ट्रेनमधून दिसतं, चर्चचा शिसं मढवलेला कळस पिळलेल्या कपड्यासारखा वाकडा. २२८ फूट उंच, ४५ अंशांत पिरगळलेला आणि साडेनऊ फूट कललेला. गावात सांगतात की सैतान कळसावर बसला होता, शेपूट गुंडाळून, आणि खाली एक खरीखुरी कुमारिका लग्नाला आली ते बघून दचकून वळला. पुन्हा तशी आली तर कळस सरळ होईल म्हणे. खरं कारण चौदाव्या शतकातलं ओलं लाकूड, आतून कमी पडलेले तिरपे आधार आणि वरून तेहेतीस टन शिसं. आमच्या सिव्हिलच्या सरांनी पहिल्या वर्गात हेच उदाहरण दिलं होतं.

वेताळ_टेकडी:
कुणी किल्पेक सांगितलं नाही अजून? हेरफर्डजवळ, वेल्सच्या सीमेला लागून. साधारण ११४० चं, लाल वालुकाश्म, आपल्या एखाद्या गावच्या शाळेच्या खोलीएवढं लहान. छताखाली चारही बाजूंनी कोरलेली मुंडकी, ऐंशीच्या वर: डुक्कर, मेंढा, राक्षस, आणि एक कुत्रा आणि ससा शेजारीशेजारी, थेट कार्टूनमधले वाटावेत असे. दक्षिणेच्या दाराभोवती साप एकमेकांना गिळताहेत.

आणि त्याच रांगेत एक बाई, दोन्ही हातांनी स्वतःची योनी फाकवून दाखवणारी. चर्चवर! शीला-ना-गिग म्हणतात. मी बायकोला म्हटलं, अगं ही तर लज्जागौरी.

पुणेरी_पाटी:
लज्जागौरीशी घाईने नातं जोडू नका. लज्जागौरीला बहुधा डोक्याच्या जागी कमळ असतं, ती पूजेतली देवता. मराठवाड्यातल्या तेरला तिच्या मूर्ती सापडल्या आहेत. किल्पेकची बाई छताखाली राक्षसांच्या रांगेत बसली आहे, तिला कुणी हळदकुंकू वाहत नव्हतं. वासनेपासून सावध राहा असं सांगायला, का वाईट नजर परतवायला, का सुफलनासाठी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तुलनाच करायची तर आपल्या गद्धेगाळीशी करा. शिलाहारांच्या दानाच्या शिळेवर गाढव आणि बाई कोरतात, अर्थ असा की ही जमीन हडपशील तर तुझ्या आईची ही गत. तीही अश्लील, आणि तीही धाक घालायलाच.

वेताळ_टेकडी:
मान्य. पण ती बाई हसते आहे हो. गद्धेगाळीवर कुणी हसत नाही.

स्विंडनकर:
बापरे, मी चपलांचं विचारलं होतं :) आईला हा धागा वाचून दाखवतोय, गद्धेगाळीपाशी ती "पुढे चल" म्हणाली. एक खरा प्रश्न तिच्याकडून: फरशीत थडगी असतात, ती टाळून चालायला जागा असते का? मेलेल्या माणसावर पाय कसा द्यायचा, म्हणते.

जुनाजाणता:
नसते. मधल्या वाटेतच असतात. इथले लोक बिनदिक्कत चालतात, अक्षरं झिजून गेलेली असतात त्यांच्या बुटांनी.

भटकभवानी:
माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं. बाकांच्या कडेकडेने जाता येतं बरंच. आईंना सांगा, मीसुद्धा अजून मनातल्या मनात पाया पडते.

गृहकर्ज_पिडीत:
अवांतर: इथे घर घेतलेल्यांनो, तुमच्या कागदपत्रांत 'चॅन्सल' नावाची भानगड आठवते का? २०११ ला आम्ही घर घेतलं तेव्हा वकिलाने यादीत हे घातलं. मला वाटलं गटारलाइनचं काहीतरी. निघालं काय, तर चर्चचा वेदीकडचा भाग म्हणजे चॅन्सल, आणि जुन्या काळी काही जमिनींवर तो दुरुस्त करायची जबाबदारी लादलेली होती. ती जमिनीबरोबर चालत येते. वॉरविकशायरमधल्या ॲस्टन कँटलोच्या मध्ययुगीन चर्चने अशाच एका जोडप्याला दुरुस्तीचं बिल दिलं, भांडण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं, २००३ मध्ये जोडपं हरलं, आणि आकडा लाख पौंडांच्या वर गेला. म्हणून सगळे वकील घाबरून विमा घ्यायला लावत. मीही भरले पैसे, निमूट. चर्च आमच्यापासून दीड मैलावर, हिंदू माणूस, आणि छप्पर माझ्या डोक्यावर.

मुंबई_लोकल:
म्हणजे इनाम जमिनीचा उलटा प्रकार. देवस्थानाने जमीन द्यायची ऐवजी जमिनीनेच देवस्थान सांभाळायचं.

पुणेरी_पाटी:
ऑक्टोबर २०१३ नंतर नियम बदलला. चर्चने नोंद करून ठेवलेली नसेल तर पुढच्या खरेदीदारावर ते सहसा येत नाही. पण मूळ प्रश्न तोच राहतो, या इमारतींना पैसा देतं कोण? लोकांना वाटतं सरकार. तसं नाही, दुरुस्तीचा खर्च मुख्यतः त्या त्या गावच्या मंडळींनाच उभा करावा लागतो. रविवारी येणार वीस माणसं, त्यांतली पंधरा सत्तरीच्या पुढची, आणि छप्पर पंधराव्या शतकातलं.

मंगळवारची_घंटा:
त्या वीस माणसांत मोजू नका, पण मी एक आहे. मूळची नाशिकची, आता वूस्टरशायरमध्ये एका खेड्यात, आणि दर मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवायला जाते. ख्रिस्ती नाही. कुणी विचारलंही नाही. त्यांना हात हवे होते.

हे आपल्या देवळातल्या घंटेसारखं नाही. घंटा मोठ्या चाकाला बांधलेली असते आणि आधी ती उलटी, तोंड आभाळाकडे करून उभी करतात. दोर ओढला की ती पूर्ण चक्कर मारून पुन्हा उलटी उभी राहते. दोराला मधे लोकरीचा जाड झुपका असतो, तो नेमक्या क्षणी पकडायचा आणि नेमक्या क्षणी सोडायचा. सोडला नाही तर माणूस वर! पहिल्या महिन्यात माझे तळहात सोलवटले होते.

आणि सूर वाजवत नाहीत, क्रम वाजवतात. सहा घंटा म्हणजे ७२० क्रम, एकही पुन्हा येता कामा नये. सात घंटांचे ५०४०, त्याला तीनेक तास लागतात. आठांचे ४०,३२०. ते सगळे एका दमात १९६३ साली लाफबरोला वाजवले, जवळजवळ अठरा तास, माणसं न बदलता. कागद समोर ठेवायचा नाही, सगळं डोक्यात. मला तर ते वेद म्हणायच्या घनपाठासारखं वाटतं, तीच पदं उलटसुलट फिरवत न्यायची, चुकायचं नाही.

लहानपणी गोदाकाठी नारोशंकराची घंटा बघत मोठी झाले. वसई जिंकल्यावर, १७३९ नंतर, पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या, त्यांतली ती. इथल्या मंडळींना हे सांगितलं तेव्हा दोन मिनिटं शांतता. मग आमचा म्होरक्या म्हणाला, "कोणता सूर आहे तिचा?" बस्स, एवढंच.

नाशिककर_पक्का:
वा! म्हणजे घंटा तिकडून इकडे आली आणि तुम्ही इकडून तिकडे गेलात. फिट्टंफाट.

मंगळवारची_घंटा:
:) आणि तिथल्यासारख्या फिरवून वाजवायच्या आठ घंटा मुंबईत अफगाण चर्चला आहेत आणि पुण्यात पंचहौदला.

भटकभवानी:
घंटा झाल्यावर तुम्हाला चहा-केक मिळतो का? मला कुठल्याही चर्चमध्ये चहा विचारतातच. नाही म्हणणं उद्धटपणा वाटतो.

जुनाजाणता:
पंचहौदचं नाव निघालं आणि लगेच चहा! १८९० साली तिथल्या मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानड्यांना आणि टिळकांना ग्रामण्याला, म्हणजे जातीच्या बहिष्काराला, तोंड द्यावं लागलं. तुम्ही तर केकही खाता. प्रायश्चित्त डबल.

भटकभवानी:
माझ्या प्रायश्चित्ताचं काय घेऊन बसलात, स्कोनवर क्रीमही असतं.

पुणेरी_पाटी:
पंचहौदवरून स्विंडनकरांना एक कामाची गोष्ट. तिथे काम करणाऱ्या सिस्टर्स ऑक्सफर्डजवळच्या वॉन्टेजच्या, १८७७ पासून पुण्यात. त्यांच्याच ओळखीने पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आल्या, वॉन्टेजला राहिल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ ला तिथेच त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. पुढे अँग्लिकन मंडळींशीही त्यांचे खटके उडाले, मला सगळं निमूट मान्य करायला सांगू नका म्हणून. स्विंडनहून वॉन्टेज काही लांब नाही. तिथलं सेंट पीटर अँड सेंट पॉल हे गावचं चर्च तेराव्या शतकातलं. आत चौदाव्या शतकातल्या सर विल्यम फिट्झवॉरिनचा आणि त्याच्या बायकोचा अलाबास्टर नावाच्या मऊ दगडातला पुतळा आहे, शेजारीशेजारी निजलेले. आई इतिहासाच्या शिक्षिका आहेत म्हणून सुचवलं.

स्विंडनकर:
हे ऐकून आई खुर्चीतून उठली. लिहून घेतलंय. मंडळी, जाऊन आलो की कळवतो.

(पाच आठवड्यांनंतर)

स्विंडनकर:
धागा वर काढतोय, कबूल केल्याप्रमाणे. मागच्या शनिवारी फेअरफर्डला जाऊन आलो.

दाराचं कडं फिरवलं, खटॅक झालं, आणि आत कुणीही नाही. अक्षरशः कुणी नाही. आई दारातच थांबली. म्हणाली, "अरे पुजारी नाही, गुरव नाही, देव असा उघडा टाकून गेले?" बूट काढायला वाकली, मी थांबवलं. मग खाली बघून कडेकडेने, बाकांना धरून, एकेक पाऊल टाकत पुढे. एका थडग्यावरून जाणं भागच होतं, तिथे तिने दगडाला हात लावून कपाळाला लावला आणि ओलांडलं. मीही लावला. का ते माहीत नाही.

बाबा बाहेर बाकावर. "तुम्ही या बघून."

काचा. काय सांगू. जॉन टेम नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस चर्च नव्याने बांधायला घेतलं, मुलाने पुरं केलं, आणि अठ्ठावीस खिडक्या, सगळ्याच्या सगळ्या. डाव्या हाताला हव्वा आणि सापापासून गोष्ट सुरू होते, वेदीवर क्रूस, आणि फिरत फिरत आपण मागे पश्चिमेच्या भिंतीपाशी येतो तेव्हा शेवटचा न्याय. आई म्हणाली ही तर पिंगुळीची चित्रकथी आहे, फक्त पोथी सोडवून उन्हात लावलीय. मधे एका बाजूला बारा प्रेषित, समोर बारा पैगंबर, प्रत्येकाभोवती फडफडती अक्षरांची पट्टी, दोन शाळांचे संघ वादविवादाला उभे असावेत तसे.

तेवढ्यात फुलं बदलायला एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांनी पिशवीतून दुर्बीण काढून आईच्या हातात दिली आणि नरकाचा कोपरा दाखवला. एक निळं भूत एकचाकी हातगाड्यात एका म्हातारीला घालून ढकलत नेतंय! आईने विचारलं, हिने काय केलं? बाई म्हणाल्या, भांडकुदळ बायको होती असं म्हणतात. आई लगेच: "आणि नवरा? त्याला नाही नेलं?" मी भाषांतर केलं. त्या बाई इतक्या हसल्या की हातातली फुलं खाली पडली.

मग पाऊस. बाबांचा नाइलाज झाला, आले आत. ते पाटबंधारे खात्यात होते. काचांकडे बघायच्या आधी छताकडे बघितलं, मग काचा कशा धरल्यात ते: काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत, आणि ती चौकट आडव्या लोखंडी सळयांना तारेने बांधलेली. मग वरच्या ओळीतल्या खिडक्या. उत्तरेला धर्माचा छळ करणारे, डोक्यावर भुतं. दक्षिणेला हुतात्मे, डोक्यावर देवदूत. बाबा म्हणाले, "ऊन दक्षिणेकडून येतं. वाईट माणसं अंधाराच्या बाजूला ठेवलीत, डोकं चालवलंय." पुस्तिकेत असं लिहिलंय का ते बघितलं नाही. त्या बाईंनी सांगितलं की पश्चिमेच्या खिडकीचा वरचा भाग नंतरचा आहे, १७०३ च्या वादळात जुना फुटला. बाबांनी मान डोलावली. "पश्चिमेचा वारा. येणारच."

निघताना भेटीच्या वहीत आईने चांगलं परिच्छेदभर लिहिलं. बाबांनी खाली मराठीत: "छत उत्तम. दक्षिणेकडील पन्हळ तुंबली आहे, साफ करावी." सही, गाव सातारा.

भटकभवानी:
हसून हसून पुरेवाट! बाबांना साष्टांग. टिडल्स दिसली का?

स्विंडनकर:
तेच सांगायचं राहिलं. आम्ही आत असताना बाबांना बाहेर तीच सापडली होती. चर्चच्या मांजरीचं थडगं, वर दगडाची मांजर, १९६३ ते १९८०. बाबांनी फोटो काढून सकाळच्या फिरायच्या ग्रुपवर टाकला. काचांचा एकही नाही टाकला.

कोल्हापुरी_रस्सा:
सैतानाचं कुत्रं तिकडं, चर्चची मांजर इकडं. जोडी जमली.

सह्यवेडा:
वाचून बरं वाटलं. आणि आमच्या गावच्या देवळाची पन्हळही तुंबलीय, बाबा परत आले की पाठवून द्या. जाण्यायेण्याचा खर्च आमचा. चहा मिळेल.

जुनाजाणता:
चहा जपून :)

स्विंडनकर:
:) त्यांना विचारतो. सध्या ते स्वतःहून वॉन्टेज म्हणताहेत, या शनिवारी. गाडी कुठे लावायची, कुणाला माहीत आहे?

पुणेरी_पाटी:
बाजारचौकाच्या आसपास मिळेल. मधे आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे, तिथून चर्च दोन मिनिटांवर. फेअरफर्डला परत जायचं झालं तर जुलैत एअर शोचा आठवडा टाळा, रस्ते तुंबतात.

स्विंडनकर:
धन्यवाद. पन्हळीसारखे का?